५५ अंशांचा माणूस : सर जोसेफ व्हिटवर्थ

आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षी एका तरी थोर माणसाचं चरित्र असतंच. विश्वेश्वरय्या झाले, जे. आर. डी. झाले, डॉ. कलाम तर दर दोन वर्षांनी येतात. त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण या वेळी मी जो माणूस निवडला आहे, त्याचं नाव मेकॅनिकलच्या प्रत्येक पोराने मशीन ड्रॉइंगच्या शीटवर एकदा तरी लिहिलेलं आहे आणि शीट सबमिट झाल्यावर विसरलेलंही आहे. व्हिटवर्थ! ५५ अंशांचा तो आटा, टोकाला आणि तळाला गोल केलेला. ५५ च का, ५० का नाही, ६० का नाही, हे ना आपण कधी विचारलं ना कुणी सांगितलं. व्हायवाला विचारतात तेव्हाही नुसता आकडाच विचारतात.

सिव्हिल, इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटरवाल्यांनी पान उलटू नये ही विनंती. पडेगावच्या या हॉस्टेलमध्ये सकाळी उठल्यावर मोबाइल सोडून आपला पहिला हात ज्या वस्तूला लागतो ती म्हणजे नळ. त्या नळाच्या मागे, भिंतीतल्या एल्बोत, याच माणसाचा आटा बसलेला आहे. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह, बोअरच्या मोटारीची डिलिव्हरी लाइन, सोलरचं कनेक्शन, सगळीकडे हाच.

आपल्या शहराला नळाचं कौतुक नवीन नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकात इथे नहर बांधली. पुढे पाणचक्कीलाही डोंगराकडचं पाणी आलं ते भाजलेल्या मातीच्या नळांतून, एकाचं तोंड दुसऱ्यात बसवत बसवत. तिथे आट्यांची भानगड नव्हती. एका कामासाठी घडवलेले नळ त्याच कामावर बसले. परगावचा नळ इथे बसेल का, हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. हा प्रश्न खऱ्या अर्थाने पडला तो लोखंडाच्या आणि वाफेच्या काळात, जेव्हा एका गावात ओतलेला तुकडा दुसऱ्या गावात बनलेल्या तुकड्याला जोडायची वेळ आली. आपला माणूस नेमका त्याच काळात जन्मला.

जोसेफ व्हिटवर्थचा जन्म २१ डिसेंबर १८०३ चा, इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्ट गावचा. वडील शाळामास्तर, पुढे धर्मोपदेशक झाले. आई लहानपणीच गेली. घराची वाताहत झाली म्हणा ना. पोराला लीड्सजवळच्या शाळेत ठेवलं आणि चौदाव्या वर्षी डर्बीशायरमध्ये मामा-काकांपैकी एकाच्या सूतगिरणीत कामाला धाडलं. घरच्यांचा हिशेब सरळ होता, पोरगा धंदा शिकेल आणि उद्या गिरणीत भागीदार होईल. पण याचं मन सुतात रमेना. सूत कातणाऱ्या यंत्रात मात्र रमलं! थोड्याच वर्षांत त्याला तिथलं प्रत्येक यंत्र उघडून जोडता यायला लागलं आणि एक गोष्ट खटकायला लागली, की ही सगळी यंत्रं अतिशय ओबडधोबड बनवलेली आहेत. अठराच्या आसपास तो तिथून निघाला तो थेट मँचेस्टरला, साधा मेकॅनिक म्हणून. होणाऱ्या मालकाचा साधा कामगार झाला. आपल्याकडे असं कुणी केलं तर आख्खं गाव त्याला वेड्यात काढील.

१८२५ मध्ये लग्न केलं, बायकोचं नाव फॅनी, आणि दोघंही लंडनला गेली. तिथे त्याला नोकरी मिळाली हेन्री मॉडस्लेच्या वर्कशॉपमध्ये. आज आपण प्लेसमेंटच्या वेळी कंपन्यांची नावं घेतो तसं त्या काळच्या पोरांमध्ये मॉडस्लेचं नाव होतं. आटे पाडणारी लेथ भरवशाची करून दाखवणारा हाच माणूस. पुढे व्हिटवर्थने हॉल्टझाप्फेल आणि जोसेफ क्लेमंट यांच्याकडेही काम केलं. क्लेमंटकडे तेव्हा चार्ल्स बॅबेजच्या गणिती यंत्राचे सुटे भाग बनत होते. कॉम्प्युटरवाल्यांनो, तुमच्या पहिल्या धड्यातला बॅबेज तो हाच!

लंडनच्या त्या सात-आठ वर्षांत व्हिटवर्थ ज्या गोष्टीच्या मागे लागला ती ऐकायला अगदीच किरकोळ आहे : सपाट पृष्ठभाग. आपल्या मेट्रॉलॉजी लॅबमध्ये ती जड काळी सरफेस प्लेट आहे ना, जिच्यावर डबा ठेवला की सर ओरडतात, तशी प्लेट. प्रश्न असा की जगात सपाट असं काहीच नसेल तर पहिली सपाट प्लेट बनवायची कशी? दोन प्लेटा एकमेकींवर घासल्या तर त्या जुळतात, पण जुळल्या म्हणजे सपाट झाल्या असं नाही. एक किंचित फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असली तरी त्या जुळतातच. म्हणून तीन प्लेटा घ्यायच्या. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी आणि तिसरी पहिलीशी जुळली पाहिजे. फुगीर-खोलगटाची जोडी दोघींत जमते, तिघींत जमत नाही. तिन्ही आपसात जुळायच्या तर त्यांना सपाट होण्यावाचून गत्यंतर नाही. रंग लावायचा, प्लेट टेकवायची, उंच ठिकाणी रंग उठतो तेवढाच स्क्रेपरने खरवडायचा, पुन्हा टेकवायचं... असं दिवसचे दिवस.

ही कल्पना पूर्ण त्याची नव्हती असं जाणकार म्हणतात, आणि मलाही ते पटतं. मॉडस्लेच्या वर्कशॉपमध्ये सपाट प्लेटांचा आग्रह आधीपासून होता. पण घासण्याऐवजी खरवडायचं, ही पद्धत नीट बसवली आणि १८४० मध्ये ग्लासगोच्या सभेत सगळ्यांपुढे मांडली ती व्हिटवर्थने. गुरूच्या दुकानातलं गुपित चव्हाट्यावर आणून सगळ्यांचं केलं. या माणसाच्या आयुष्यात हे पुन्हा एकदा घडणार होतं.

१८३३ मध्ये तो मँचेस्टरला परतला आणि भाड्याच्या जागेत स्वतःचं दुकान टाकलं. दारावर पाटी लावली की हा लंडनहून आलेला हत्यारं बनवणारा आहे. लंडनचा शिक्का तेव्हाही चालायचा! लेथ, प्लेनर, ड्रिलिंग, स्लॉटिंग अशी मशिनं तो बनवू लागला आणि ती इतकी नेमकी असत की गिऱ्हाईक वाढतच गेलं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. त्या वेळी इंग्लंडमध्ये प्रत्येक वर्कशॉपचे आटे वेगळे होते. मॉडस्लेचे मॉडस्लेला बसायचे. क्लेमंटनेही आपल्यापुरते टॅप ठराविक मापाचे करायला घेतले होते, पण ते त्याच्या दुकानापुरते. अर्ध्या इंचाचा बोल्ट म्हटला तर दर इंची आटे किती, कोन किती, खोली किती, हे ज्याचं त्याला माहीत. रेल्वे नुकती धावायला लागली होती. इंजिनाचा एक बोल्ट वाटेत तुटला तर ज्याने इंजिन बनवलं त्याच्याकडूनच तो मागवावा लागणार किंवा तिथल्या लोहाराने नवा बोल्ट आणि त्याच्यासोबत नवी नटही घडवायची.

व्हिटवर्थने यावर काय केलं? त्याच्या जागी मी असतो तर केबिनमध्ये बसून सर्वांत मजबूत आटा कोणता याचं गणित केलं असतं आणि तो सगळ्यांवर लादायचा प्रयत्न केला असता. त्याने उलटं केलं. देशातल्या मोठमोठ्या वर्कशॉपमधून बोल्ट जमा केले, मोजले, आणि त्यांची सरासरी काढली. कोनांची सरासरी आली ५५ अंशांच्या आसपास, तो कोन ठरला. दर इंची आट्यांची संख्याही प्रत्येक जाडीला अशीच चालू वापरातून ठरवली : पाव इंचाला २०, अर्ध्याला १२, एक इंचाला ८. आट्याच्या त्रिकोणाची उंची जेवढी, तिचा सहावा भाग वरून आणि सहावा भाग खालून गोल करायचा, म्हणजे धार दुखावत नाही आणि तळातून तडा जात नाही. १८४१ मध्ये लंडनच्या सिव्हिल इंजिनियर्सच्या संस्थेपुढे त्याने हे वाचलं.

म्हणजे ५५ च का, याचं उत्तर कुठल्याही सूत्रात नाही. ते लोकांच्या सवयीत आहे. सरासरी घेतल्याने झालं असं की कुणाचाच आटा जसाच्या तसा राहिला नाही, पण कुणालाच फार लांब सरकावंही लागलं नाही. कायदा नव्हता, सक्ती नव्हती, तरी १८६० च्या सुमाराला ब्रिटनमधली बहुतेक वर्कशॉपं हा आटा पाडत होती. मोठ्या गिऱ्हाइकांनी, त्यातही रेल्वेने तो स्वीकारल्यावर बाकीच्यांना पर्यायच उरला नाही. हॉस्टेलच्या मेसचा मेनू ठरवताना ही युक्ती करून बघायला हरकत नाही.

त्याचा पहिला मोठा फायदा झाला क्रिमियाच्या युद्धात. १८५४ ते ५६ च्या त्या लढाईसाठी ब्रिटिश नौदलाला छोट्या गनबोटी तातडीने हव्या होत्या आणि इंजिनांची ऑर्डर होती जॉन पेन याच्याकडे. एका कारखान्याचं ते काम नव्हतं. पेनने नमुन्याचे भाग सुटे करून निरनिराळ्या वर्कशॉपमध्ये वाटले, सगळ्यांनी आपापला भाग बनवला आणि ते एकत्र आल्यावर जुळले. ९० दिवसांत ९० इंजिनं, हा हिशेब ब्रिटिश इंजिनियर लोक अजून अभिमानाने सांगतात. आज वाळूजला बसून आपण एखाद्या कंपनीला एकच ब्रॅकेट पुरवतो आणि तो कुठल्या तरी गाडीवर बिनबोभाट बसतो, त्याची ही सुरुवात.

१८५१ च्या लंडनच्या प्रचंड प्रदर्शनात व्हिटवर्थच्या मशिनांना सर्वाधिक वाहवा मिळाली. तिथे त्याने एक मोजयंत्र ठेवलं होतं, इंचाच्या दहा लाखाव्या भागाइतका फरक दाखवणारं. डोळ्याला रेघ दिसते तिथे माणूस चुकतो, हाताला स्पर्श कळतो तिथे कमी चुकतो, हे त्याच्या मोजण्याचं तत्त्व. आपल्या मायक्रोमीटरची ती खटखट वाजणारी रॅचेट आठवा, म्हणजे मुद्दा कळेल.

त्याच्या आयुष्याचा पुढचा भाग मला तितकासा आवडत नाही, पण गाळणं बरोबर नाही. १८५४ मध्ये सरकारने त्याला रायफली बनवायच्या मशिनांबद्दल विचारलं. तो म्हणाला, आधी नळी कशी असावी तेच नीट ठरलेलं नाही, ते शोधू द्या. सरकारी खर्चाने त्याच्या मँचेस्टरच्या घराजवळ ५०० यार्डांची बंद गॅलरी बांधली गेली आणि त्याने प्रयोगामागून प्रयोग करून षटकोनी नळीची रायफल काढली. १८५७ च्या चाचण्यांत तिने सैन्याच्या एन्फिल्ड रायफलीला खूप मागे टाकलं. १८६० मध्ये विम्बल्डनच्या स्पर्धेचं उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने याच रायफलीने केलं, ४०० यार्डांवरून, आणि गोळी मध्याच्या अगदी जवळ लागली. रायफल आधीच पक्की बांधून ठेवलेली होती, हे सांगायला हवं! एवढं होऊनही सैन्याने ती घेतली नाही. नळी फार अरुंद, किंमत जास्त, लवकर घाण धरते, अशी कारणं होती. मग ती अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांच्या हातात गेली. तोफांच्या बाबतीतही आर्मस्ट्राँगशी त्याची वर्षानुवर्षं स्पर्धा चालली आणि सरकार दरबारी तो हरला. स्वभाव हट्टी, समोरच्याचं म्हणणं पटकन ऐकून न घेणारा. ज्या माणसाने सगळ्यांची सरासरी काढून आटा ठरवला, तो स्वतः वादात मात्र एक इंच मागे सरकत नसे, हे मला गमतीचं वाटतं.

आणि नेमक्या त्याच काळात, १८६४ मध्ये, अमेरिकेत त्याच्या आट्याला प्रतिस्पर्धी उभा राहिला. फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने तिथल्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये सांगितलं की व्हिटवर्थचा आटा चांगला आहे, पण बनवायला त्रासाचा आहे. ५५ अंशांचा कोन साध्या साधनांनी तपासता येत नाही आणि टोकं गोल करायला खास हत्यारं लागतात. त्याऐवजी ६० अंश घ्या, समभुज त्रिकोण, कुणालाही काढता येतो, आणि टोकं सरळ चपटी कापा. मुद्दा बिनतोड होता. अमेरिकेने तो स्वीकारला. त्याच सुमाराला रॉबर्ट ब्रिग्जने अमेरिकेतल्या पाइपांसाठी ६० अंशांचे निमुळते आटे आखले आणि १८८६ मध्ये ते तिथल्या कारखानदारांनी मान्य केले. आज आपण ज्याला एनपीटी म्हणतो तो हा आटा. ब्रिटनमध्ये मात्र गॅस आणि पाण्याच्या पाइपांना व्हिटवर्थचाच ५५ अंशांचा आकार राहिला, फक्त पाइपाची भिंत पातळ म्हणून आटे बारीक. १९०५ मध्ये त्याचं अधिकृत ब्रिटिश मानक निघालं. तोच आपला बीएसपी. इंग्रजांबरोबर तो हिंदुस्थानात आला आणि आपल्या हार्डवेअरच्या दुकानांत कायमचा राहिला.

दोन प्रमाणं असली म्हणून काय बिघडतं, असं वाटेल. फेब्रुवारी १९०४ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराला आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब धावत आले. पाणी होतं, माणसं होती, पण बाहेरून आलेल्या होजांचे आटे बाल्टिमोरच्या हायड्रंटला बसेनात! दीड हजारावर इमारती जळाल्या.

हे सगळं मला पुस्तकात सापडलं तेव्हा ते इतिहास म्हणून वाचलं होतं. खरं कळलं ते गेल्या उन्हाळ्यात इनप्लांट ट्रेनिंगला. वाळूजच्या एका कारखान्यात (नाव सांगत नाही) अमेरिकेहून एक जुनं मशीन आलं होतं आणि त्याला हवेची लाइन जोडायची होती. मशीनच्या व्हॉल्व्हला अर्ध्या इंचाचं भोक. दुकानातून अर्ध्या इंचाचा जीआय निपल आला, टेफ्लॉन टेप गुंडाळली, हाताने फिरवला तर मस्त आत गेला. कुणालाच शंका येण्यासारखं काही नव्हतं. सात किलोची हवा सोडल्यावर आट्यांतून फुसफुस सुरू. साबणाचं पाणी लावलं तर गोल गोल फुगे. मग टेप वाढवली, पाना मोठा घेतला, आणखी आवळलं. तिसऱ्या खेपेला व्हॉल्व्हच्या ओतीव बॉडीला बारीक चीर गेली. व्हॉल्व्ह परदेशी, इथे मिळेना, मशीन चौदा दिवस बंद.

तिथे एक वयस्क फिटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांनी निपल काढून घेतला, खिशातून पिच गेज काढला आणि एक पातं आट्यांवर ठेवून उजेडाकडे धरलं. मग मला धरायला लावलं. ५५ चं पातं निपलवर फट न ठेवता बसलं. ६० चं त्याच १४ आट्यांचं पातं लावलं तर दाते खाचांत जात होते, पण बाजूने उजेडाची बारीक रेघ दिसत होती. व्हॉल्व्हच्या डब्यावर मामांनी बोट ठेवलं, तिथे एनपीटी छापलेलं होतं.

घोळ असा आहे. अर्धा आणि पाऊण इंच या दोन मापांना बीएसपी आणि एनपीटी दोन्हींचे दर इंची आटे १४ च आहेत. म्हणजे आट्यांचं अंतर एकच, १.८१४ मिलिमीटर. बाहेरचा व्यासही जवळजवळ सारखा. अर्ध्या इंचाचा बीएसपी २०.९५५ मिलिमीटर आणि एनपीटी साधारण २१.३. हाताला हा फरक कळत नाही. निमुळतेपणाही दोघांचा सारखाच, सोळाला एक. त्यामुळे एक दुसऱ्यात आरामात फिरतो. पण कोन ५५ विरुद्ध ६० आणि एकाची टोकं गोल, दुसऱ्याची चपटी, म्हणून आट्याच्या बाजू एकमेकींना पूर्ण टेकतच नाहीत. आतून बाहेरपर्यंत एक गोल जिना उघडा राहतो आणि हवा त्या जिन्याने बाहेर येते. घरच्या पाण्याच्या दाबाला टेप किंवा सफेदा-सुतळी तो जिना बुजवूनही टाकेल. हवेला, वाफेला किंवा हायड्रॉलिकच्या तेलाला नाही बुजवणार, आणि दाबाखाली असा जोड निसटला तर समोरच्या माणसाचं काय होईल ते सांगायला नको.

बाकीची मापं त्या मानाने प्रामाणिक आहेत. एक इंचाला बीएसपीचे ११ आटे आणि एनपीटीचे साडेअकरा. दोन-तीन फेऱ्यांतच हाताला अडल्यासारखं होतं. पाव आणि तीन अष्टमांश इंचाला १९ आणि १८, एक अष्टमांशला २८ आणि २७. अडीच इंचापासून तर एनपीटीचे ८ च आटे, तिथे आंधळाही ओळखेल. फसवतात ते अर्धा आणि पाऊण, आणि नेमके तेच सगळ्यात जास्त खपतात!

मामांची पद्धत अशी होती. आधी व्हर्नियरने पहिल्या आणि शेवटच्या आट्यावर व्यास घ्यायचा. फरक आला तर निमुळता, नाही आला तर सरळ. सरळ असेल तर दाब आट्यांवर अडत नाही, वॉशर किंवा ओ-रिंगवर अडतो. त्याच्यावर बहुधा जी अक्षर असतं, निमुळत्या बीएसपीवर आर. मग दर इंची आटे मोजायचे, आणि शेवटी कोन. आणखी एक त्यांनी सांगितलं ते फार उपयोगाचं आहे : जपानी फिटिंगवर पीटी लिहिलेलं दिसलं तर त्याला एनपीटीचा भाऊ समजू नका. तो निमुळता बीएसपीच आहे, ५५ वाला. नावात साम्य आहे ते अमेरिकेशी, नातं आहे व्हिटवर्थशी. आणि अर्धा इंच म्हणून अर्धा इंच शोधायला जाल तर त्या पाइपात तो कुठेच सापडणार नाही. आतलं भोक सोळा मिलिमीटरच्या आसपास, बाहेरून एकवीस. जुन्या काळी आतल्या भोकावरून नाव पडलं, पाइपाची जाडी बदलत गेली, नाव तेच राहिलं.

व्हिटवर्थकडे परत येऊ. १८६८ मध्ये त्याने स्वतःच्या पैशातून दरवर्षी १०० पौंडांच्या ३० शिष्यवृत्त्या सुरू केल्या. अट एवढीच की पोराला पुस्तकातलं समजलं पाहिजे आणि हातानेही काम आलं पाहिजे, दोन्हींची परीक्षा होणार. नुसता टॉपर किंवा नुसता कारागीर चालणार नाही. ही शिष्यवृत्ती आजही दिली जाते. आमच्या बॅचमधले किती जण त्या परीक्षेत उतरतील हे मी मनातल्या मनात मोजून बघितलं. आकडा छापण्यासारखा नाही.

१८६९ मध्ये त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला आणि तो सर जोसेफ झाला. पहिली पत्नी वारल्यानंतर १८७१ मध्ये त्याने दुसरं लग्न केलं आणि डर्बीशायरमधल्या डार्ली डेल इथे मोठं घर बांधून राहिला, ज्या जिल्ह्यातून पोरगा असताना पळाला होता त्याच जिल्ह्यात. या काळातही स्वस्थ बसला नाही. वितळलेलं पोलाद प्रचंड दाबाखाली घट्ट करून त्यातले हवेचे बुडबुडे काढायची पद्धत त्याने व्यवहारात आणली. मूल नव्हतं. २२ जानेवारी १८८७ ला माँटे कार्लो इथे ८३ व्या वर्षी तो वारला. मागे राहिलेल्या संपत्तीतला मोठा भाग मँचेस्टरच्या कामी आला. तिथलं चित्रसंग्रहालय आजही त्याच्या नावाने ओळखलं जातं, आणि क्रिस्टी हे कॅन्सरचं मोठं रुग्णालय उभं राहिलं त्यातही त्याचा पैसा आहे.

त्याचा बोल्टाचा आटा त्याच्यानंतर साधारण साठ वर्षं टिकला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश रणगाड्यांना अमेरिकेत बनलेले सुटे भाग बसेनात, तेव्हा दोन्ही देश शहाणे झाले. १८ नोव्हेंबर १९४८ ला वॉशिंग्टनमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने एकच आटा ठरवला आणि कोन घेतला ६० अंशांचा. सेलर्स जिंकला. मग मेट्रिक आटे आले, तेही ६० अंशांचेच. १९६५ मध्ये ब्रिटिश मानक संस्थेने व्हिटवर्थच्या बोल्टांना जुने झाले म्हणून बाजूला सारायला सांगितलं.

पाइपाचं मात्र कुणी नाव काढलं नाही. जमिनीत, भिंतीत, बॉयलरमध्ये एवढे पाइप आधीच बसलेले होते की नवा आटा आणला असता तर प्रत्येक जुन्या जोडाला अडॅप्टर लागला असता. आंतरराष्ट्रीय मानकानेही पाइपासाठी तोच ५५ अंशांचा आटा ठेवला, इंचाच्या नावांसकट. आपल्याकडे १९५६ मध्ये मेट्रिकचा कायदा झाला, मण गेले, शेर गेले, फूट-इंचही कागदावरून गेले. पण भारतीय मानक ५५४, म्हणजे दाब धरणाऱ्या पाइपांच्या आट्यांचं मानक, उघडून बघा. मिलिमीटरमध्ये लिहिलेली ती मापं १८४१ च्या ५५ अंशांचीच आहेत. ज्यांचा जोड वॉशरवर बसतो त्या सरळ आट्यांसाठी २६४३ क्रमांकाचं मानक आहे, त्यातही कोन तोच.

मशीन शॉपच्या कपाटात वरच्या खणात पिच गेजचे दोन संच आहेत. एकावर ५५ कोरलेलं आहे, दुसऱ्यावर ६०. हॉस्टेलच्या मागे भंगारात पडलेले जुने निपल आणि एल्बो मी गोळा करून ठेवलेत, त्यात एक एनपीटीचाही आहे. तो कोणता हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. ज्याला ओळखून बघायचं असेल त्याने शनिवारी प्रॅक्टिकलनंतर तिथे यावं, येताना व्हर्नियर आणावा.